मायच्या ओव्या आणि आत न जाणाऱ्या फायली : घरगुती व्हिडिओ संपादनातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात राहणारे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आपल्या आईच्या वर्षश्राद्धासाठी वीस-बावीस मिनिटांची चित्रफीत तयार करत होते. ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांचा उल्लेख येथे केवळ ‘गुरुजी’ असा केला आहे आणि नातेसंबंधांचे काही तपशील बदलले आहेत. मी लातूर शहरात संगणक दुरुस्तीचे आणि त्याच्या जोडीने लग्नकार्यांच्या चित्रणाच्या संपादनाचे काम करतो. गुरुजी माझ्याकडे सोमवारी आले आणि कार्यक्रम येत्या रविवारी होता, म्हणजे हाताशी जेमतेम सहा दिवस होते.

चित्रफितीचा सगळा मजकूर दोन येळवशींमधून यायचा होता. येळवस म्हणजे मार्गशीर्षातील वेळ अमावस्या. लातूर-धाराशिव भागात ती शेतात साजरी होते; ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप उभारून पूजा केली जाते, आंबील, भज्जी आणि उंडे यांचे जेवण होते आणि दिवस मावळला की पेटता हेंडगा शेतातून फिरवला जातो. ही माहिती येथे नुसत्या हौसेपोटी दिलेली नाही, कारण हेंडग्याच्या वेळचा अंधारच पुढे एका तांत्रिक बिघाडाचे मूळ ठरला.

पहिले चित्रण २०१३ सालचे होते. गुरुजींच्या मुलाने तेव्हा घेतलेल्या कॅमकॉर्डरवर आजीला, म्हणजे गुरुजींच्या ‘माय’ला, येळवशीच्या आदल्या दिवशी जात्यावर उंड्यांसाठी बाजरी दळताना आणि ओव्या म्हणताना टिपले होते. दुसरे चित्रण माय हयात असतानाच्या शेवटच्या येळवशीचे होते. त्यातील एक मोठी, सलग अडतीस मिनिटांची क्लिप मुलीच्या अँड्रॉइड फोनवरची होती आणि सात-आठ लहान क्लिपा पुण्याच्या पुतण्याच्या आयफोनवरच्या होत्या. संपादनासाठी गुरुजी दहा-बारा वर्षांपूर्वी विकत घेतलेला एक घरगुती प्रोग्राम वापरत असत. शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या फिती त्यांनी त्यातच जोडलेल्या असल्यामुळे त्याची बटणे त्यांना अंधारातही सापडली असती. लॅपटॉप विंडोज १० चा, इंटेलच्या पाचव्या पिढीतील आय-थ्री प्रोसेसरचा आणि ८ जीबी रॅमचा होता.

अडचण

गुरुजींनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि पहिलेच वाक्य उच्चारले ते असे : “सर, चित्र येतंय, पण मायचा आवाजच येईना गेलाय बघा.” त्यानंतर त्यांनी जे दाखवले ते एकाच आजाराचे लक्षण वाटावे असे होते, आणि तेथेच पहिली फसगत झाली. कॅमकॉर्डरच्या काही फायली प्रोग्राम आतच घेत नव्हता आणि ज्या घेत होता त्यांत आवाज नव्हता. आयफोनच्या क्लिपांचा आवाज ऐकू येत होता, पण चित्राच्या जागी काळा पडदा होता. अँड्रॉइडची मोठी फाइल लॅपटॉपपर्यंत पोहोचलीच नव्हती, कारण पेन ड्राइव्हवर टाकताना ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येत होता. यांपैकी प्रत्येक फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये व्यवस्थित दिसत आणि ऐकू येत असल्याने दोष फायलींचा नसून प्रोग्रामचा आहे, असे घरातील सर्वांचे ठाम मत झाले होते.

सगळ्या फायलींपैकी एकच विनातक्रार आत गेली होती. ती पुतण्याने व्हॉट्सअ‍ॅपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप होती. ती आत गेली याचे कारणही हेच होते, की वाटेत तिचे रूपांतर होऊन ती लहान आणि सर्वत्र चालणारी झाली होती. मात्र मोठ्या टीव्हीवर तिच्यातील चेहरे चौकोनी ठिपक्यांत विरघळत होते. जी फाइल सर्वांत सहज घेतली गेली तीच दर्जाने सर्वांत निकृष्ट होती, ही गोष्ट गुरुजींच्या मुलीने बरोबर हेरली होती, आणि म्हणूनच ‘सगळे व्हॉट्सअ‍ॅपवरून मागवून घेऊ’ हा सोपा मार्ग तिने आधीच नाकारला होता.

पहिला दीड दिवस

येथे माझी चूक कबूल केली पाहिजे. व्हीएलसीत चालते आणि संपादन-प्रोग्राममध्ये चालत नाही, हे पाहून मी सवयीने ‘कोडेक नाही’, म्हणजे दाबलेले चित्र-आवाज उलगडणारा भाग नाही, असे निदान केले आणि इंटरनेटवरून एक कोडेक पॅक उतरवून बसवला. व्हीएलसी स्वतःचे डीकोडर स्वतःबरोबर आणतो, त्यामुळे त्यात फाइल चालली यावरून ती फाइल धड आहे एवढेच कळते, दुसऱ्या प्रोग्रामला ती उलगडता येईल असे त्यावरून ठरत नाही, हे मला माहीत होते. तरीही गुरुजींचा प्रोग्राम विंडोजचे कोडेक वापरतो की स्वतःचे, हे मी तपासले नाही. तो स्वतःचेच वापरत असल्याने पॅकचा काडीचा उपयोग झाला नाही. उलट त्याच्यासोबत ब्राउझरमध्ये शिरलेले जाहिरातींचे लटांबर काढण्यात मंगळवारची सकाळ गेली.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट योगायोगाने उलगडली. ज्या फायली प्रोग्राम मुळीच आत घेत नव्हता त्यांची नावे मुलीने हौसेने देवनागरीत दिली होती : ‘मायच्या ओव्या’, ‘जाते’, ‘कोप’. जुन्या प्रोग्रामांपैकी काहींना इंग्रजीखेरीज दुसऱ्या लिपीतील पत्ता, म्हणजे फाइलचे आणि ती ज्या फोल्डरांत आहे त्यांचे नाव, वाचता येत नाही, आणि मग ते ‘फाइल सापडत नाही’ असे न सांगता ‘हा प्रकार चालत नाही’ असे भलतेच कारण पुढे करतात. मी फायलींची नावे इंग्रजीत केली, तरी फरक पडला नाही. थोडा वेळ विचार केल्यावर लक्षात आले की लॅपटॉपवरील गुरुजींचे खातेच देवनागरी नावाने उघडलेले होते; त्यामुळे डेस्कटॉपवर किंवा व्हिडिओच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या प्रत्येक फाइलच्या पत्त्यात ते नाव येतच होते. डी ड्राइव्हवर थेट एक फोल्डर करून त्याला इंग्रजी अक्षरांत छोटे नाव दिले आणि फायली तेथे हलवल्या, तेव्हा त्या सगळ्या निमूटपणे आत गेल्या. आवाज मात्र अजूनही नव्हता.

मंगळवारी दुपारी मी जाणीवपूर्वक थांबलो आणि सर्व फायलींचा उलगडा होईपर्यंत काहीही बसवायचे नाही आणि काहीही रूपांतरित करायचे नाही असे ठरवले. या प्रकरणातील पहिला खरा निर्णय हाच होता, आणि तो दीड दिवस उशिरा झाला.

फायलींच्या आत काय होते

घरोघरी स्वयंपाकघरात एखाद्या डब्यावर ‘साखर’ लिहिलेले असते आणि आत पोहे निघतात. घरच्या बाईला ते ठाऊक असते, पाहुण्याला नसते. व्हिडिओ फाइलच्या नावाअखेरचे एमपी४, एमओव्ही किंवा एमटीएस हे केवळ डब्याचे नाव असते. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे आणि आवाज कोणत्या पद्धतीने, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी मीडियाइन्फो हा विनामूल्य प्रोग्राम पुरेसा असतो. फाइल त्याच्यावर ओढून टाकली की आतील सर्व माहिती ओळीने समोर येते. मंगळवारी संध्याकाळी गुरुजींच्या मुलीने एका वहीत उभे रकाने आखून प्रत्येक फाइलची माहिती लिहून काढली, आणि त्या एका पानावरून असे दिसले की ‘इम्पोर्ट होत नाही’ या एका तक्रारीखाली चार निरनिराळी कारणे दडलेली आहेत. देवनागरी पत्त्याचे एक कारण आधीच निकालात निघाले होते. उरलेली तीन अशी होती.

कॅमकॉर्डरच्या फायली एव्हीसीएचडी या पद्धतीच्या होत्या. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली ही पद्धत आणली. तिच्यात चित्र एच.२६४ या दाबण्याच्या पद्धतीत असते आणि आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी-३ मध्ये. चित्र गुरुजींच्या प्रोग्रामला कळत होते. आवाजासाठी लागणारा डॉल्बीचा भाग मात्र पहिल्या वापराच्या वेळी इंटरनेटवरून सक्रिय करावा लागत असे. मध्यंतरी लॅपटॉप फॉरमॅट झाला होता, प्रोग्राम पुन्हा बसवला गेला होता आणि ती जुनी सक्रियकरणाची सोय आता चालू नव्हती. ‘पूर्वी याच प्रोग्राममध्ये याच फायली वाजत होत्या’ असे गुरुजी वारंवार सांगत होते आणि मी ते स्मरणाचा दोष समजून सोडून देत होतो. ते अक्षरशः खरे निघाले.

आयफोनच्या क्लिपांमध्ये चित्र एचईव्हीसी म्हणजे एच.२६५ मध्ये होते. एच.२६४ हे मानक २००३ चे, तर एचईव्हीसी २०१३ चे आहे, आणि २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून आयफोन हीच पद्धत आपसूक निवडतो, कारण तिच्यात जवळपास तोच दर्जा बऱ्याच कमी जागेत मावतो. गुरुजींच्या जुन्या प्रोग्रामला ती ओळखता येणे शक्यच नव्हते. लॅपटॉपचा प्रोसेसरही या बाबतीत अपुरा होता. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एचईव्हीसी पूर्णपणे हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय सहाव्या पिढीपासून आली, आणि १०-बिट म्हणजे रंगांच्या अधिक छटा असलेल्या चित्रासाठी ती सातव्या पिढीपासून.

अँड्रॉइडच्या फाइलची अडचण त्या मानाने किरकोळ वाटली. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला होता आणि त्या पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी एकसंध फाइल मावतच नाही. अडतीस मिनिटांची क्लिप पावणेपाच जीबीच्या पुढे होती. पेन ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला आणि फाइल लॅपटॉपवर आली. ती प्रोग्राममध्ये गेली, चित्र दिसले, आवाज आला, आणि आम्ही दोघांनी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली. तीच खूण पुढे महागात पडली.

विचारात घेतलेले पर्याय

बुधवारी सकाळी तीन मार्ग समोर होते. पहिला मार्ग संपादनाचा प्रोग्रामच बदलण्याचा होता. शॉटकटसारखा विनामूल्य प्रोग्राम एफएफएमपेग या चित्र-आवाज उलगडणाऱ्या आणि रूपांतरित करणाऱ्या साधनाच्या आधाराने चालतो आणि या तिन्ही प्रकारच्या फायली त्याने थेट उघडल्या असत्या. माझा स्वतःचा कल याच मार्गाकडे होता. गुरुजींनी तो नाकारला, कारण चार दिवसांत नवा प्रोग्राम शिकून त्यात आईची फीत करणे त्यांना जमणार नव्हते आणि फीत दुसऱ्याकडून करून घेण्याची त्यांची इच्छा नव्हती. मला तेव्हा हा हट्ट वाटला. नंतर हिशेब करता त्यांचे म्हणणे तांत्रिक दृष्ट्याही योग्य होते, असे माझे मत झाले : त्या लॅपटॉपवर एचईव्हीसीच्या क्लिपा शॉटकटमध्ये उघडल्या असत्या खऱ्या, पण टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा ओळीने मांडतात त्या पट्टीवर, पुढे-मागे करताना इतक्या अडखळल्या असत्या की शेवटी रूपांतर करावेच लागले असते.

दुसरा मार्ग सगळ्या फायली एकगठ्ठा एखाद्या कन्व्हर्टरमधून काढण्याचा होता. मुलीने माझ्याकडे येण्याआधी तो करून पाहिला होता. त्या कन्व्हर्टरने कॅमकॉर्डरच्या फायली ६४० बाय ४८० एवढ्या लहान करून ठेवल्या होत्या, चित्राच्या कोपऱ्यात आपला शिक्का उमटवला होता आणि आवाज त्यालाही न कळल्यामुळे फायली मुक्या होत्या. याहून गंभीर गोष्ट अशी, की लॅपटॉपवर जागा कमी पडू लागल्याने ती मूळ फायली पुसण्याच्या बेतात होती आणि केवळ झोप आल्याने ते काम दुसऱ्या दिवसावर गेले होते.

तिसरा मार्ग प्रत्येक फाइलला तिच्या दुखण्यापुरतेच औषध देण्याचा होता. त्याला वेळ अधिक लागणार होता, पण मायच्या आवाजाचे चित्रण एकच होते आणि ते पुन्हा होणार नव्हते. आम्ही तिसरा मार्ग निवडला आणि त्याआधी सर्व मूळ फायलींची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ती डिस्क गुरुजींच्या कपाटात ठेवायला लावली.

केलेली कृती

आयफोनच्या क्लिपांचे काम सर्वांत सोपे होते. पुतण्याने त्या व्हॉट्सअ‍ॅपवरच, पण ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा पाठवल्या, त्यामुळे त्या मूळ दर्जासह आल्या. हँडब्रेक या विनामूल्य प्रोग्राममध्ये त्यांचे एच.२६४ मध्ये रूपांतर केले आणि दर्जाचा आकडा २० ठेवला. या प्रोग्राममध्ये आकडा लहान तितका दर्जा चांगला आणि फाइल मोठी असते. काळा पडदा गेला आणि शेतातली माणसे दिसू लागली.

कॅमकॉर्डरच्या फायलींनी खरा कस पाहिला. हे यंत्र सलग चित्रणाचे २ जीबीचे तुकडे पाडत असे. सुमारे १७ मेगाबिट प्रतिसेकंद या दराने एक तुकडा साधारण सोळा मिनिटांचा होतो. जात्यावरचे चित्रण अशा तीन तुकड्यांत विभागलेले होते, आणि पहिल्या-दुसऱ्या तुकड्याची सीमा नेमकी एका ओवीच्या मधोमध पडली होती. दोन्ही तुकडे टाइमलाइनवर शेजारी ठेवले की त्या जागी सुमारे अर्धा सेकंद आवाज नाहीसा होत असे आणि मायच्या ओवीतला ‘बंधू’ हा शब्द ‘बं’वरच तुटत असे. गुरुजींनी ती जागा दहा-बारा वेळा ऐकली असेल. हा शब्द फायलीतच नसावा अशी त्यांची समजूत झाली होती आणि ते त्या ओवीला कात्री लावायला तयार झाले होते.

शब्द फायलीत होता. तुकडे पाडताना यंत्र फक्त आकार मोजते; तुकडा संपतो तेथे चित्राची चौकट किंवा आवाजाचा गट पुरा झालेला असेलच असे नाही. अर्धा गट पहिल्या तुकड्याच्या शेपटीला राहतो, अर्धा दुसऱ्याच्या डोक्याला जातो, आणि फायली वेगवेगळ्या उघडणारा प्रोग्राम दोन्ही अर्धे टाकून देतो. म्हणून तुकडे रूपांतर करण्यापूर्वीच, जसेच्या तसे, एकामागे एक चिकटवावे लागतात. त्यासाठी विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधील साधी कॉपीची आज्ञा पुरते. मात्र तिला ‘बी’ हा पर्याय द्यावा लागतो, अन्यथा ती फायलींना मजकूर समजते आणि मध्येच मजकूर-समाप्तीची खूण भेटली की तेथेच थांबते. कोणता तुकडा कोणाच्या पुढे, हे सांगणारी सूची मूळ फोल्डरमध्ये असते, पण २०१३ साली मुलाने फक्त एमटीएस फायली उचलून पेन ड्राइव्हवर टाकल्या होत्या आणि बाकीचे फोल्डर निरुपयोगी समजून सोडून दिले होते. त्यातच मुलीने नावे बदलल्याने मूळ क्रमांकही गेले होते. फाइलवरील तारीख-वेळ आणि जात्याभोवती साचलेल्या पिठाची उंची यांवरून आम्ही क्रम लावला.

तीन तुकडे जोडून झाल्यावर ती एक फाइल एफएफएमपेगमधून काढली. येथे आणखी एक निर्णय होता : चित्र नव्याने दाबायचे की तसेच ठेवायचे. चित्राबद्दल प्रोग्रामची काहीच तक्रार नव्हती, तक्रार केवळ आवाजाची होती. म्हणून चित्र हात न लावता जसेच्या तसे नव्या एमपी४ डब्यात ठेवले आणि फक्त आवाज एसी-३ मधून एएसी या प्रोग्रामला कळणाऱ्या पद्धतीत आणला. संपूर्ण फाइलला काही मिनिटेच लागली, कारण चित्रावर प्रक्रिया झालीच नाही. फाइल प्रोग्राममध्ये टाकली, सीमेच्या जागेवर नेऊन वाजवली, आणि ‘बंधू’ पुरा ऐकू आला. गुरुजी काही बोलले नाहीत. त्यांनी ती जागा परत एकदा मागे घेऊन वाजवली.

चित्रात हात वेगाने फिरतो तेथे कंगव्याच्या दात्यांसारख्या आडव्या रेघा दिसत होत्या. हे चित्रण ५०आय म्हणजे इंटरलेस्ड, एकाआड एक ओळींनी टिपलेले, असल्याचे ते लक्षण होते. प्रोग्राममध्ये डीइंटरलेसचा पर्याय सुरू केल्यावर जात्याच्या खुंट्यावरचा मायचा हात नीट दिसू लागला. संपूर्ण फितीचा वेगही आम्ही सेकंदाला २५ चौकटी असा ठेवला. फोनवरील चित्रण ३० चे असल्याने ते किंचित अडखळणार हे दिसत होते, पण दोघांपैकी एकाला झुकते माप द्यावे लागणारच होते आणि ते जात्याच्या चित्रणाला देण्यात कोणाचेच दुमत नव्हते.

बुधवारी रात्री उरलेल्या क्लिपांचे रूपांतर लावून ठेवले होते. रात्री दोनच्या सुमारास वीज गेली, लॅपटॉपची जुनी बॅटरी वीस मिनिटांत संपली आणि तिसऱ्या क्लिपचे रूपांतर अर्धवट राहिले. सकाळी ती फाइल आकाराने मोठी दिसत होती, पण उघडत नव्हती. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका सामान्यतः सगळ्यात शेवटी लिहिली जाते आणि ती लिहिण्यापूर्वीच काम थांबले होते. मूळ क्लिप हाताशी असल्याने नुकसान फक्त वेळेचे झाले.

खरी कोंडी शुक्रवारी झाली. अँड्रॉइडच्या मोठ्या क्लिपमधून गुरुजींनी अकरा तुकडे कापून टाइमलाइनवर बसवले होते. पहिले तुकडे ठीक होते. शेवटच्या तुकड्यात, हेंडगा फिरवून माणसे कोपीकडे परत येतात त्या वेळी, मायचे ओठ आणि आवाज यांत दोन सेकंदांहून अधिक अंतर पडले होते. गुरुजींचा समज कापण्यात चूक झाल्याचा होता. मीडियाइन्फोच्या वहीत मात्र त्या फाइलपुढे ‘फ्रेम रेट : बदलता’ असे मुलीच्या अक्षरात आधीपासून लिहिलेले होते आणि आम्ही दोघांनीही ते वाचून सोडून दिले होते.

फोन सेकंदाला ठरावीक चौकटी टिपतोच असे नाही. उजेड कमी झाला की तो प्रत्येक चौकटीला अधिक वेळ देतो आणि चौकटींची संख्या घटते. दिवसा टिपलेला भाग ठरल्या वेगाने चालला होता. संध्याकाळी अंधारात, फक्त हेंडग्याच्या उजेडात, वेग उतरला होता. त्यामुळे सबंध फाइलची सरासरी सेकंदाला २९.९७ ऐवजी २९.९४ चौकटी एवढी निघत होती. जुना प्रोग्राम सर्व चौकटी २९.९७ च्या एकसमान वेगाच्या समजून मांडत होता, आवाज मात्र घड्याळाप्रमाणे चालत होता. अडतीस मिनिटांच्या शेवटी या नगण्य वाटणाऱ्या फरकाचे सव्वादोन सेकंद होतात. उपाय हँडब्रेकमध्येच होता : रूपांतर करताना फ्रेम रेट २५ निवडून ‘कॉन्स्टंट’ हा पर्याय घेणे. पण नवी फाइल आली की जुन्या कापांच्या जागा सरकतात, आणि गुरुजींना अकराही तुकडे पुन्हा कापावे लागले. शुक्रवारची दुपार आणि शनिवारची बरीच सकाळ त्यात गेली.

निष्पत्ती

बावीस मिनिटांची फीत शनिवारी रात्री साडेदहाला तयार झाली आणि रविवारी जेवणे आटोपल्यावर ओसरीत टीव्हीवर दाखवली गेली. फोनवरील चित्रण कडेकडेने माणसे चालताना थोडे अडखळते, हे मला दिसले. इतर कोणाच्या लक्षात आल्याचे जाणवले नाही. आयफोनच्या एका क्लिपमधील रंग फिके राहिले, कारण ती एचडीआरमध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला साठवणाऱ्या पद्धतीत, टिपलेली होती आणि रूपांतराच्या वेळी मी तिकडे लक्ष दिले नाही. ते दुरुस्त करणे शक्य होते, वेळ नव्हता.

काय वेगळे करता आले असते

वहीतील ते पान सोमवारीच लिहिले गेले असते तर दीड दिवस वाचला असता. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते पान लिहिल्यावर वाचले गेले असते तर शुक्रवार वाचला असता. फाइल ‘आत गेली’ हाच आम्ही यशाचा निकष धरला होता, आणि मोठ्या क्लिपची पहिली दोन मिनिटे पाहून खूण केली होती. आता मी फोनवरील कोणतीही लांब क्लिप घेतली की तिची शेवटची दोन मिनिटे, बोलणारा माणूस दिसतो अशी जागा शोधून, आधी पाहतो. गिऱ्हाईक ‘हे पूर्वी चालत होते’ असे सांगते तेव्हा मध्ये काय बदलले ते विचारतो. गुरुजींच्या बाबतीत लॅपटॉप फॉरमॅट झाल्याची गोष्ट मला तिसऱ्या दिवशी कळली.

पुतण्याने फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील फॉरमॅट ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करून ठेवावा, म्हणजे पुढील चित्रण थेट एच.२६४ मध्ये येईल, असे मी सुचवले होते. त्याने ते केले नाही. त्याच्या फोनमध्ये जागा कमी आहे आणि वर्षातून एकदा रूपांतर करणे त्याला परवडते, हे त्याचे म्हणणे मला मान्य आहे.

एक प्रश्न मात्र मी सहा दिवसांत एकदाही विचारला नाही. कार्यक्रमानंतर महिन्याभराने गुरुजींचा फोन आला. माळ्यावरची ट्रंक आवरताना २०१३ चा तो कॅमकॉर्डर सापडला होता. बॅटरी फुगलेली होती, पण चार्जर थेट जोडल्यावर यंत्र सुरू झाले. त्याला स्वतःची अंतर्गत मेमरी होती आणि ती कोणीच पुसलेली नव्हती. ते यूएसबीने लॅपटॉपला जोडून आम्ही संपूर्ण फोल्डर उतरवून घेतले. आत तुकड्यांची सूची, मूळ क्रमांक आणि तारखा सगळे जागच्या जागी होते. जात्याच्या चित्रणाचे तुकडे आम्हाला वाटले तसे तीन नव्हते, चार होते. चौथा पेन ड्राइव्हवर कधी गेलाच नव्हता; तो सहा मिनिटांचा आहे, आणि त्यात माय दळण संपवून, पदराला हात पुसत, नातवाला तो कॅमेरा बंद करायला सांगते.